मिश्र टीममध्ये व्यक्तिमत्त्व चाचणी कशी घ्यावी: ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या ऑफिसांसाठी

महापे, रबाळे, ऐरोली किंवा वागळे इस्टेटमधल्या मध्यम आकाराच्या कंपनीतली एखादी टीम घ्या. डोंबिवलीचा मराठी इंजिनिअर, नेरुळची तमिळ टेस्टर, मुलुंडहून येणारा गुजराती अकाउंटंट, घणसोलीत तिघांत खोली घेऊन राहणारा गोरखपूरचा मुलगा, आणि संध्याकाळच्या कॉलवर जर्मनीतला किंवा जपानमधला क्लायंट. अशा टीमला एचआरकडून पर्सनॅलिटी टेस्टची लिंक येते. वीस मिनिटांत प्रत्येकाच्या हातात चार अक्षरं पडतात आणि पुढच्या आठवड्यापासून ‘ती आय (म्हणजे अंतर्मुख) आहे, तिला प्रेझेंटेशन देऊ नका’ असं बोललं जायला लागतं. एखाद्या मुलीची दोन वर्षांची वाढ अशा एका वाक्यामुळे अडते, म्हणून हे काम नीट करायला हवं.

आमची भूमिका आधीच सांगतो. व्यक्तिमत्त्व चाचणीच्या आधारे एखाद्या माणसाशी त्याच्याबद्दल चांगलं बोलता येतं. दोन संस्कृतींतल्या माणसांची त्यावरून तुलना करायची तर त्याआधी बरीच तयारी लागते, आणि ती बहुतेक ऑफिसांना झेपत नाही. ज्यांना ती झेपत नाही, त्यांनी तुलना करू नये. बाकी सगळं करता येतं. ते कसं, ते पुढे आहे.

कारण एका वाक्यात लिहा

लिंक पाठवण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: या चाचणीच्या निकालावरून कोण, कोणता निर्णय घेणार आहे? ‘टीममधल्या लोकांना एकमेकांची कामाची पद्धत कळावी’, ‘नव्या टीम लीडला स्वतःच्या सवयी समजाव्यात’ ही कारणं चालतात. भरती, बढती, बदली, कपात यांतलं काहीही त्या वाक्यात आलं तर टाइप सांगणारी चाचणी बाजूला ठेवा. एमबीटीआय (मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर) ही चार अक्षरांचा टाइप देणारी चाचणी चालवणारेच तिचा वापर निवडीसाठी करू नये असं स्पष्ट सांगतात. ती कल दाखवते, कौशल्य मोजत नाही. ‘एफ’ (भावनेला महत्त्व देणारा) आलेला माणूस आकडेमोडीत कच्चा असतो असं तिच्यात कुठेही म्हटलेलं नाही.

दहावीनंतर कोणती शाखा घ्यायची यासाठी ठाण्यात आणि वाशीत बऱ्याच ठिकाणी टाइप काढून दिला जातो. पंधरा-सोळाव्या वर्षी व्यक्तिमत्त्व अजून घडत असतं. त्या चार अक्षरांवर सायन्स की कॉमर्स ठरवू नका, एवढीच पालकांना कळकळीची विनंती.

चाचणी निवडताना

एमबीटीआयचा पाया मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ च्या मांडणीत आहे. कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी त्यावरून प्रश्नावली तयार केली. तिच्या फॉर्म एममध्ये ९३ प्रश्न आहेत. ई-आय (बहिर्मुख-अंतर्मुख), एस-एन (तपशील-कल्पना), टी-एफ (तर्क-भावना), जे-पी (आखणी-लवचीकपणा) अशा चार जोड्या आणि त्यांतून १६ टाइप. अडचण मधल्या रेषेची आहे. बहुतेक माणसांचे गुण दोन्ही टोकांपासून लांब, मधल्या रेषेच्या आसपास पडतात. त्या रेषेवर सुरी फिरवली की जवळजवळ सारखी दोन माणसं वेगवेगळ्या डब्यांत जातात. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की अनेकांचं एखादं अक्षर बदलतं, त्याचं कारण हेच.

डिस्क (DISC) ही वागण्याच्या चार शैली सांगणारी दुसरी चाचणी. तिच्या काही प्रश्नावल्यांमध्ये चार शब्दांतून ‘सर्वांत जास्त लागू’ आणि ‘सर्वांत कमी लागू’ असे दोन निवडायचे असतात. त्यात प्रत्येकाच्या गुणांची बेरीज सारखीच येते. त्यावरून एका माणसातली कुठली बाजू वरचढ आहे ते कळतं, पण दोन माणसांपैकी कोण जास्त ठाम आहे ते कळू शकत नाही. रिपोर्ट देणारे हे क्वचितच सांगतात.

मिश्र टीमसाठी आमची पसंती पाच घटकांच्या मॉडेलला आहे, म्हणजे ज्याला बिग फाइव्ह म्हणतात: नव्याची ओढ, कामातली शिस्त, बहिर्मुखता, सौजन्य, आणि भावनिक अस्थिरता. त्यात डबे नाहीत, पट्टी आहे. शिवाय लुईस गोल्डबर्ग यांनी सुरू केलेला आयपीआयपी हा विधानांचा साठा सर्वांसाठी खुला आहे. त्यातली १२० विधानांची प्रश्नावली भाषांतरित करायला कुणाची परवानगी लागत नाही. मालकीच्या चाचण्यांचं घरगुती भाषांतर मात्र करू नका. तो कॉपीराइटचा भंग आहे, आणि त्यांची विश्वसनीयताही (पुन्हा मोजलं तरी जवळपास तोच आकडा येणं) त्या भाषांतराबरोबर संपते.

पाच घटक सगळ्या जगात सारखेच सापडतात असंही समजू नका. बोलिव्हियातल्या त्सिमाने आदिवासींमध्ये मायकेल गर्व्हन आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं, तेव्हा पाच घटकांची रचना दिसली नाही. चीनमध्ये फॅनी च्युंग यांनी नातेसंबंधांतलं भान, मान राखणं, देवाणघेवाण यांचा वेगळा घटक धरून स्वतंत्र चाचणी बांधली. आपल्याकडच्या ऑफिसातही ही बाजू रोज दिसते आणि पाश्चात्त्य प्रश्नावलीत ती जवळपास नसते. तेव्हा रिपोर्ट म्हणजे अख्खा माणूस, असं कुणाला सांगू नका.

मराठी प्रश्नावली तयार करणं

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. चाचणी बिघडते ती बहुधा इथे, आणि ते निकालात दिसत नाही.

दोन भाषांतरकार घ्या. दोघांनी एकमेकांना न विचारता इंग्रजीवरून मराठी करावं. मग दोघांना समोरासमोर बसवून एक मसुदा ठरवा. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या तिसऱ्या माणसाकडून त्या मसुद्याचं पुन्हा इंग्रजी करून घ्या आणि मुळाशी ताडून पाहा. चाचण्यांच्या रूपांतरासाठी आंतरराष्ट्रीय चाचणी आयोगाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांची दुसरी आवृत्ती २०१७ ची. त्यात भाषांतराइतकाच भर आशयाच्या जुळणीवर आहे, आणि तो योग्य आहे. शब्दाला शब्द ठेवलेलं भाषांतर परतीच्या फेरीत हमखास पास होतं. इंग्रजी हुबेहूब परत येतं, आणि मराठी वाचणारा मात्र गोंधळलेलाच राहतो.

काही विधानं जशीच्या तशी आणताच येत नाहीत. ‘मी पार्टीत खूप वेगवेगळ्या लोकांशी बोलतो’ हे बहिर्मुखतेचं विधान घ्या. आपल्याकडे पार्टी म्हटलं की कुणाला वाढदिवस आठवतो, कुणाला ऑफिसची दारूची पार्टी, आणि कुणी अशा ठिकाणी जातच नाही. त्याजागी लग्नकार्य घातलं तर दुसरीच अडचण येते: मुलीकडच्यांना सगळ्यांशी बोलावंच लागतं, त्यात स्वभाव दिसत नाही, भूमिका दिसते. त्यापेक्षा ‘रोजच्या लोकलच्या डब्यात ओळख नसलेल्या माणसाशी बोलणं माझ्याकडून सहज सुरू होतं’ हे विधान चांगलं चालतं. वाशी-ठाणे लोकलने येणारे सगळे ते प्रसंग ओळखतात, आणि तिथे बोलायची सक्ती नसते. पण स्कूटरने येणाऱ्याला तेही लागू नाही. म्हणून एकाच उपघटकाची (घटकाच्या एका छोट्या भागाची) चारही विधानं एकाच प्रसंगावर बेतू नका.

‘माझ्या खोलीत पसारा असतो’ हे टापटिपीचं विधान आहे. कोपरखैरण्यात वन रूम किचनमध्ये पाच जणांबरोबर राहणाऱ्याला स्वतःची खोलीच नाही. त्यात ‘माझं सामान’, ‘माझी बॅग’, ‘माझं टेबल’ असं काहीतरी घ्या. वेळ पाळण्याबद्दलचं विधानही असंच जपून घ्या. ट्रान्स हार्बरची गाडी रद्द झाली किंवा घोडबंदर रोडवर ट्रॅफिक तुंबला म्हणून उशिरा पोहोचणाऱ्याची शिस्त त्यातून मोजली जात नाही. ‘कबूल केलेलं काम ठरल्या दिवशी देणं माझ्याकडून होतं’ हे विधान रस्त्यावर अवलंबून नाही.

१२० विधानांच्या प्रश्नावलीत उदारमतवादी आणि पुराणमतवादी उमेदवारांना मत देण्याबद्दलही विधानं आहेत. ती अमेरिकी राजकारणातून आलेली आहेत. आपल्याकडे त्यांचा अर्थ लागत नाही, आणि ऑफिसने कुणाला मतदानाबद्दल विचारूच नये. तो उपघटक पूर्ण काढा. प्रत्येक उपघटकात चार विधानं असतात, म्हणजे नव्याच्या ओढीची २४ ऐवजी २० उरतील. म्हणून गुण बेरजेत देऊ नका, सरासरीत द्या. नाहीतर त्या घटकात सगळी टीम मागासलेली दिसेल.

आता वाक्यांची घडण. ‘मी घाबरत नाही’ या विधानापुढे कुणी ‘नाही’ म्हटलं तर त्याचा अर्थ काय? घाबरत नाही, की विधान मान्य नाही? उलट्या दिशेची विधानं (ज्यांना हो म्हटलं की त्या घटकाचे गुण कमी होतात) हवीतच, पण नकार वापरून नको. ‘अचानक अडचण आली तरी माझं डोकं शांत राहतं’ असं लिहा. ‘बोलतो/बोलते’ असा तिरका दांडा प्रत्येक ओळीत आला की वाचणाऱ्याची गती मोडते. ‘मला आवडतं’, ‘माझ्याकडून होतं’, ‘माझा कल असतो’ अशी रचना केली की तो प्रश्नच उरत नाही. ‘सहिष्णू’, ‘कल्पक’ असे शब्द टाळा. साताऱ्याकडून आलेल्या एपीएमसीतल्या माथाडीला, दिव्याच्या आगरी मुलाला आणि इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला एकाच वेळी कळेल असं साधं वाक्य हवं.

उत्तरांचे पाच पर्याय असे ठेवा: अजिबात लागू नाही, फारसं लागू नाही, थोडं लागू थोडं नाही, बऱ्यापैकी लागू, अगदी लागू. प्रत्येक पर्यायाखाली शब्द छापा. नुसते १ ते ५ आकडे दिले की काहींना १ म्हणजे पहिला नंबर वाटतो.

आधी दहा जणांबरोबर बसून बघा

ज्या भाषेत चाचणी घेणार, त्या भाषेतले आठ ते बारा जण निवडा. सगळे एचआरमधले नकोत. शॉप फ्लोअर, गोडाऊन, रिसेप्शन, आयटी असे मिसळा. एकेकाबरोबर पाऊण तास बसा आणि प्रत्येक विधानानंतर तीन प्रश्न विचारा: हे वाचून डोळ्यांसमोर काय आलं? हेच तुमच्या शब्दांत कसं सांगाल? हेच उत्तर का निवडलंत? १२० विधानं एका बैठकीत होत नाहीत. प्रत्येकाला चाळीस-चाळीस वाटून द्या, म्हणजे प्रत्येक विधानावर साधारण तिघा-चौघांचं मत मिळेल. दोघांनी एखाद्या विधानाचा वेगळा अर्थ लावला की ते पुन्हा लिहा.

यानंतर ३० जणांकडून पूर्ण प्रश्नावली भरून घ्या. किती वेळ लागला, कुठे जागा रिकाम्या राहिल्या, कुठे सगळ्यांनी एकच उत्तर दिलं ते बघा. ज्या विधानावर तीसपैकी अठ्ठावीस जण ‘अगदी लागू’ म्हणतात, त्यातून स्वभाव मोजला जात नाही. ते विधान म्हणजे शिष्टाचार झाला.

चाचणीचा दिवस

मार्च एंड, गणपतीच्या आधीचा आठवडा आणि रात्रपाळी सुटतानाची वेळ टाळा. चाळीस मिनिटं मोकळी द्या. मोबाईलवर मराठी वाचायला जास्त वेळ लागू शकतो, विशेषतः ज्यांना मराठी वाचायची सवय सुटली आहे त्यांना.

भाषा ज्याची त्याने निवडावी, पण निवडली की शेवटपर्यंत तीच राहू द्या आणि रेकॉर्डमध्ये तिची नोंद करा. इंग्रजी-स्पॅनिश दोन्ही बोलणाऱ्या लोकांवर झालेल्या २००६ च्या संशोधनात तीच माणसं इंग्रजीत उत्तरं देताना जास्त बहिर्मुख दिसली. भाषा बदलली की माणूस स्वतःकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. म्हणून इंग्रजीत भरलेला आणि मराठीत भरलेला रिपोर्ट शेजारी ठेवून तुलना करू नका.

ज्यांना वाचायला अडचण आहे त्यांना कुणी विधानं वाचून दाखवली तर वाचणारा सुपरवायझर नको, त्याच डिपार्टमेंटमधला तर मुळीच नको. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या २३ देशांमधल्या ९४ हजारांहून जास्त लोकांच्या उत्तरांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. समोरासमोर विचारून घेतलेल्या मुलाखतींमध्ये या प्रश्नावल्या पाच घटक नीट मोजत नव्हत्या, असं त्यातून निघालं. हो ला हो देण्याची सवय हे त्यामागचं एक कारण होतं. समोर साहेब बसला असेल तर आपल्याकडे हे कसं होतं ते वेगळं सांगायला नको.

गुण काढताना

उलट्या विधानांचे गुण फिरवण्याआधी (१ चा ५, २ चा ४) एक साधी तपासणी करा. एकमेकांच्या विरुद्ध अर्थाच्या विधानांच्या दहा-बारा जोड्या घ्या आणि त्यांच्या कच्च्या उत्तरांची सरासरी काढा. खरी उत्तरं देणाऱ्याची सरासरी ३ च्या जवळपास येते. ४ च्या आसपास आली, तर तो माणूस दोन्ही बाजूंना हो म्हणतो आहे. त्याचा रिपोर्ट काढू नका, त्याच्याशी बोला. बहुधा त्याला भीती असते की याचा नोकरीशी संबंध आहे.

प्रत्येक गुणाबरोबर त्याची चूक छापा. सूत्र असं: १ मधून विश्वसनीयता वजा करा, त्याचं वर्गमूळ काढा आणि त्याला प्रमाण विचलनाने (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्या आकड्याने) गुणा. समजा सरासरी गुणांचं प्रमाण विचलन ०.६ आणि विश्वसनीयता ०.८४ आहे. ०.१६ चं वर्गमूळ ०.४, म्हणून चूक ०.२४. तिची जवळपास दुप्पट, म्हणजे ०.५, दोन्ही बाजूंना धरा. बहिर्मुखतेत ३.२ मिळालेला माणूस खरं तर २.७ ते ३.७ मध्ये कुठेही असू शकतो. मधली रेषा ३ ची आहे. मग त्याला ई म्हणायचं की आय? काहीच म्हणू नका. दोन माणसांमध्ये फरक आहे असं म्हणायचं तर अंतर ०.७ तरी हवं. त्याहून कमी अंतरावर ‘तू तिच्यापेक्षा शिस्तीचा’ असं म्हणायला आधार नाही.

वेबसाइटवरचा ‘तुम्ही ७० व्या पर्सेंटाइलवर आहात’ हा आकडा वापरू नका. ती वेबसाइट वापरणाऱ्या, मुख्यतः इंग्रजी वाचणाऱ्या लोकांशी केलेली ती तुलना आहे.

गटांची तुलना का करू नये

आयपीआयपीच्या सूचनेत सांगितलेलं असतं की तुमच्या ओळखीच्या, तुमच्याच वयाच्या आणि तुमच्यासारख्याच बाई किंवा पुरुषाच्या तुलनेत स्वतःबद्दल सांगा. म्हणजे प्रत्येकाचा मोजायचा गज त्याच्या शेजारपाजारातून येतो. पहाटे तीनला एपीएमसीत हजर होणारा माथाडी स्वतःला इतर माथाड्यांशी ताडतो आणि म्हणतो, मी काही फार शिस्तीचा नाही. अकरा वाजता लॉगिन करणारा त्याच्या मित्रांशी ताडतो आणि म्हणतो, मी अगदी शिस्तीचा. दोघांचे आकडे खरे आहेत, पण शेजारी ठेवता येत नाहीत.

जगाच्या पातळीवरही हेच झालं. डेव्हिड श्मिट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ५६ देशांच्या अभ्यासात कामातल्या शिस्तीत जपान तळाशी आला. ज्याने जपानी क्लायंटबरोबर एक तरी प्रोजेक्ट केलं आहे, त्याला या आकड्यात काहीतरी चुकतंय हे लगेच कळेल. स्वतःला कोणाच्या तुलनेत मोजायचं याची पट्टी तिथे कडक आहे, हे त्यामागचं एक सयुक्तिक कारण मानलं जातं.

त्यात आपल्याला सवय आहे: मल्याळी असे, गुजराती तसे, युपीवाले असे. अँटोनिओ तेरासियानो आणि रॉबर्ट मॅक्रे यांनी २००५ मध्ये ४९ संस्कृतींमध्ये हेच तपासलं. ‘आमच्याकडची माणसं अशी असतात’ हे लोकांचं मत आणि त्या संस्कृतीतल्या माणसांचे प्रत्यक्ष मोजलेले गुण जुळले नाहीत. एका समाजातल्या दोन माणसांमधला फरक दोन समाजांच्या सरासरीतल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो.

तुलना करायचीच असेल तर प्रत्येक भाषागटातले किमान २०० जण हवेत, आणि दोन्ही गटांमध्ये प्रश्नावली सारखंच मोजते का हे आधी तपासायला हवं: घटकांची रचना, विधानांचं वजन (एखादं विधान घटकाशी किती घट्ट जोडलेलं आहे), मग सुरुवातीची पातळी (स्वभाव सारखा असेल तर विधानाला गुणही सारखेच मिळतात का), या क्रमाने. तिसरी पायरी पार झाल्याशिवाय सरासऱ्यांची तुलना करू नये. त्यासाठी विद्यापीठातल्या मानसशास्त्र विभागाची मदत घ्या. साठ जणांच्या ऑफिसने यात पडू नये.

माणसाशी बोलताना

रिपोर्ट मेलवर पाठवून मोकळे होऊ नका. एकेकाला पाऊण तास द्या, बंद खोलीत, आणि बॉस तिथे नको.

आधी रिपोर्ट न दाखवता पाच पट्ट्या कागदावर काढा आणि समोरच्याला स्वतःची खूण करायला सांगा. मग गुण दाखवा. जिथे अंतर दिसेल तिथून बोलणं सुरू करा. ‘हे बरोबर वाटतं का?’ असं विचारू नका, कारण उत्तर हो येणारच. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये सगळ्या विद्यार्थ्यांना एकच वर्णन प्रत्येकाचं स्वतःचं म्हणून दिलं. विद्यार्थ्यांनी त्या वर्णनाला अचूकतेसाठी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. म्हणून दोन वर्णनं द्या, एक त्याचं आणि एक उलटं, नाव न लिहिता. कुठलं आपलं वाटतं ते त्याला निवडू द्या. उलटंच निवडलं तर त्याच्या निवडीला मान द्या. एमबीटीआयच्या नियमांतही शेवटचा टाइप माणूस स्वतः ठरवतो.

मग प्रसंग मागा. ‘मागच्या महिन्यात असं कधी झालं?’ इथे संस्कृतीचा भाग कळतो. मीटिंगमध्ये गप्प बसणारी मुलगी अंतर्मुख असेलच असं नाही. साहेब बोलत असताना मध्ये बोलू नये असं ती घरी शिकली असेल, तिला हिंदीत विनोद सुचत नसेल, किंवा क्लायंटचा उच्चार समजायला वेळ लागत असेल. तीच मुलगी लोकलच्या डब्यातल्या ग्रुपमध्ये किंवा सोसायटीच्या गणपतीत काय करते ते विचारा. दोन्हीकडे गप्प असेल तर स्वभाव. एकीकडेच गप्प असेल तर ती जागा सुधारायची, मुलीला नाही: मीटिंगचा अजेंडा आदल्या दिवशी द्या, वयाने लहान असलेल्यांना आधी बोलू द्या, लेखी मुद्दे मागवा.

टीमसमोर कोणाचेही गुण ठेवू नका. ज्याला आपलं सांगायचं आहे तो सांगेल. टेबलावर चार अक्षरांच्या पाट्या नकोत आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादी नको.

रिपोर्ट कुठे ठेवायचे

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार माहिती कशासाठी घेतो ते सांगून संमती घ्यावी लागते, आणि काम संपलं की ती पुसावी लागते. संमतिपत्र मराठी, हिंदी आणि इंग्रजीत ठेवा. ‘चाचणी दिली नाही तरी कामावर परिणाम होणार नाही’ हे वाक्य त्यात पहिल्या ओळीत असू द्या आणि टीम लीडच्या तोंडूनही ते वदवून घ्या. फाइल एचआरच्या सामायिक फोल्डरमध्ये नको, ती एकाच माणसाच्या ताब्यात पासवर्डसह असावी. संमतिपत्रावरच पुसायची तारीख छापा आणि त्या तारखेला पुसल्याचा मेल प्रत्येकाला पाठवा. पुढच्या वर्षी चाचणी पुन्हा घ्यायची असेल तर जुने गुण शेजारी ठेवण्यासाठी वेगळी संमती मागा. ती कुणी दिली नाही तर त्याची चाचणी नव्याने सुरू होईल.